मोहोराआधी आराखडा: कोकणातील विद्यापीठात संशोधनाची वाट कशी धरावी

पदव्युत्तर किंवा पीएचडीच्या प्रवेशासाठी कोकणात येणारा विद्यार्थी बहुतेक वेळा शैक्षणिक वेळापत्रक हातात घेऊन येतो. सत्र कधी सुरू होणार, परीक्षा कधी, प्रबंध कधी सादर करायचा, एवढे त्याला पाठ असते. प्रत्यक्षात मात्र किनारपट्टीवरील संशोधनाचे वेळापत्रक पाऊस, पालवी, मोहोर आणि मासेमारीचा हंगाम हेच ठरवतात, आणि ते विद्यापीठाच्या सत्रांशी जुळतेच असे नाही. हे ज्याला प्रवेशाच्या वेळीच उमगते त्याचे काम मुदतीत होते. ज्याला ते दुसऱ्या सत्रात उमगते त्याचे एक वर्ष हातचे जाते. पुढील मार्गदर्शन याच गोष्टीभोवती बांधलेले आहे. नोकरी, वसतिगृह आणि गावातले संबंध यांचाही विचार त्यात आहे, कारण येथे या गोष्टी संशोधनापासून वेगळ्या काढता येत नाहीत.

प्रथम कोठे जायचे ते ठरवावे. शेती, फळबागा, वनशास्त्र, पशुधन आणि कृषी अभियांत्रिकी यांसाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे. 1972 साली स्थापन झालेले हे विद्यापीठ दापोलीपुरते नाही. वेंगुर्ल्याला फळ संशोधन, कर्जतला भात, रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ, श्रीवर्धनला सुपारी, पनवेलला खार जमीन अशी त्याची केंद्रे किनाऱ्याने पसरलेली आहेत, आणि मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. तंत्रशास्त्रासाठी रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मूलभूत विज्ञान, इतिहास, मराठी, अर्थशास्त्र या विषयांसाठी मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील संशोधन केंद्रे आणि विद्यापीठाचा रत्नागिरी उपपरिसर यांची चौकशी करावी. या सर्व ठिकाणी नियम वेगवेगळे आहेत. कृषी विद्यापीठे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या आणि राज्याच्या कृषी परिषदेच्या चौकटीत चालतात, तर इतर विद्यापीठे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या. म्हणून दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये आणि आपल्या विद्यापीठाची नियमपुस्तिका पहिल्याच आठवड्यात वाचून काढावी.

विषय हंगामावरून ठरवावा

समजा, एखाद्या विद्यार्थ्याला हापूसच्या नियमित फळधारणेवर काम करायचे आहे आणि त्यासाठी पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदार ज्याला कल्टार म्हणतात, त्याची वेगवेगळी प्रमाणे तपासायची आहेत. कोकणात हे संजीवक जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत झाडाच्या बुंध्याभोवती जमिनीतून दिले जाते. प्रवेशफेऱ्या लांबून प्रवेश सप्टेंबरात पक्का झाला, त्यानंतर सल्लागार समिती नेमली गेली आणि आराखडा नोव्हेंबरात मंजूर झाला, तर त्या वर्षीची संधी कधीच टळलेली असते. पुढच्या जुलैपर्यंत थांबावे लागते. त्यानंतरचा मोहोर नोव्हेंबर ते जानेवारीत येतो आणि फळे मार्च ते मे या काळात उतरतात. एमएस्सी चार सत्रांची, म्हणजे दुसरे वर्ष संपत आले तेव्हा या विद्यार्थ्याच्या हाती जेमतेम एका हंगामाची आकडेवारी पडते, आणि हापूस तर वर्षाआड फळणारा आंबा. एका हंगामावरून त्याच्याविषयी ठाम विधान करणे धाडसाचे ठरते.

यावर दोन उपाय आहेत. एक, ज्या प्रयोगाची प्रक्रिया मोहोर आल्यानंतर सुरू होते असा विषय घ्यावा: तुडतुडे आणि फुलकिडे यांचे नियंत्रण, फळगळ, काढणीची पक्वता, पिकवण्याच्या पद्धती, साठवण, किंवा साका, म्हणजे हापूसचा गर आतून खराब होण्याचा दोष. दोन, विभागात आधीपासून चालू असलेल्या दीर्घ मुदतीच्या प्रयोगाला जोडून घ्यावे, म्हणजे मागील वर्षांची आकडेवारी तुलनेला मिळते. दुसरा उपाय अधिक चांगला आहे, असे माझे मत आहे. मात्र अशा प्रयोगात आपले स्वतःचे काम नेमके कोणते, हे मार्गदर्शकांशी बोलून सुरुवातीलाच लिहून ठेवावे.

इतर पिकांचाही हिशेब असाच मांडावा. भातावर काम करणाऱ्याला खरीप आणि पाणी असेल तेथे उन्हाळी असे वर्षात दोन हंगाम मिळू शकतात, म्हणून कमी मुदतीच्या पदवीसाठी भात सोयीचा पडतो. काजूचा मोहोर आंब्याच्या आगेमागे येतो आणि त्याच सुमारास ढेकण्या हा कीटक नवी पालवी व मोहोर शोषू लागतो. कोकमची फळे उन्हाळ्याच्या शेवटी तयार होतात आणि काढणीची पावसाशी शर्यत लागते. शिवाय कोकममध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेले रोप कोणते निघेल हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. त्यामुळे रोपापासून फळापर्यंतचा प्रयोग पदवीच्या मुदतीत बसवण्याचा हट्ट धरू नये. नवे वाण काढण्याचे स्वप्न घेऊन येणाऱ्यालाही हेच सांगावे लागते. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला रत्ना 1981 मध्ये प्रसारित झाला, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून काढलेला, पातळ कोयीचा सिंधू 1992 मध्ये. फळझाडांचे वाण अनेक शास्त्रज्ञांच्या सलग कामातून येतात. पीएचडीच्या विद्यार्थ्याने त्या मालिकेतला एक दुवा नीट बसवला तरी ते पुरेसे आहे.

मत्स्यशास्त्रात पावसाळ्याचा खंड गृहीत धरावा लागतो. 1 जूनपासून किमान दोन महिने यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावर नौका लागत नाहीत आणि बारा महिन्यांची सलग नोंद असा शब्द आराखड्यात लिहिला असेल तर परीक्षक त्यावर बोट ठेवतो. त्या काळात खाडीतील मासेमारी, गोड्या पाण्याचे संवर्धन, सुकवलेल्या माशांची साठवण किंवा प्रयोगशाळेतील काम आखावे. कातळसड्यांवरील, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरील, वनस्पतींचा अभ्यास नेमका उलटा चालतो. ज्या सड्यावर मे महिन्यात गवताची काडी दिसत नाही, तेथे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या थोड्या आठवड्यांत फुले येऊन संपतात. याच सड्यांवरील कातळशिल्पांचे, ज्यांतील काही स्थळे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, मोजमाप मात्र गवत वाळल्यानंतर घेणे सोपे जाते. एकाच सड्यावर वनस्पतिशास्त्राचा आणि पुरातत्त्वाचा विद्यार्थी वर्षाच्या वेगवेगळ्या टोकांना काम करतात ते यामुळेच.

झाडे, करार आणि कापलेली फळे

आराखडा कागदावर नेमका दिसतो. अडचण येते ती झाडे मोजताना. सात प्रक्रिया (तुलना करायचे सात पर्याय) आणि तीन पुनरावृत्ती घेतल्या तर त्रुटीचे स्वातंत्र्यांश, म्हणजे त्रुटी अजमावायला उरणाऱ्या स्वतंत्र तुलना, सहा गुणिले दोन, म्हणजे बारा होतात, आणि आपल्याकडे शिकवल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणे हे किमान आहे. प्रत्येक पुनरावृत्तीत दोन झाडे धरली तर 42 झाडे लागतात. दहा मीटर अंतरावरच्या जुन्या लागवडीत हेक्टरी शंभर झाडे बसतात, म्हणजे जवळजवळ अर्धा हेक्टर बाग केवळ या एका प्रयोगाला हवी. ती झाडे एका वयाची, सारख्या विस्ताराची, एका उताराची आणि गेल्या वर्षी साधारण सारखी फळलेली असावीत. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर अशी 42 झाडे मोकळी मिळणे दुर्मीळ असते, कारण त्यांवर इतरांचेही प्रयोग चालू असतात. म्हणून विषय ठरवण्याआधी झाडे पाहून यावीत, आणि ती फाटकावरून न पाहता, फिरून, वही घेऊन, बुंध्याचा घेर मोजून पाहावीत.

शेतकऱ्याच्या बागेत प्रयोग घ्यायचा झाल्यास कोकणातील एक व्यवहार ध्यानात ठेवावा लागतो. बाग एकाची, ती हंगामापुरती कराराने घेणारा दुसरा, आणि रात्रीची राखण करणारा, बहुधा नेपाळहून आलेला गडी तिसरा. मालकाने मोठ्या मनाने होकार दिला तरी फवारणी कराराने घेणारा करतो, आणि त्याने तुमच्या नियंत्रण झाडांवर, म्हणजे तुलनेसाठी प्रक्रियेविना ठेवलेल्या झाडांवर, आपले नेहमीचे औषध मारले तर त्यात त्याचा काही दोष नसतो. त्यामुळे लेखी संमती मालकाची आणि करारदाराची, दोघांचीही घ्यावी. राखणदाराला खुणा केलेली झाडे प्रत्यक्ष दाखवावीत आणि तोडणीच्या आदल्या दिवशी त्याला फोन करायला विसरू नये.

साक्यावर काम करणाऱ्यासाठी आणखी एक हिशेब. साका बाहेरून दिसत नाही. फळ पिकवून कापल्यावरच कळतो. प्रत्येक झाडाची केवळ दहा फळे कापायची ठरवली तरी 42 झाडांची 420 फळे, म्हणजे 35 डझन, म्हणजे पाच डझनी सात पेट्या होतात. एप्रिलमधील बाजारभावाने या पेट्यांचे पैसे कोण देणार हे आधी ठरले पाहिजे. प्रकल्पाच्या निधीतून तरतूद असेल तर प्रश्न नाही, नसेल तर बागायतदाराशी स्पष्ट बोलावे. चांगली बाग राखणारा माणूस फळे फुकट कापू देईलही, परंतु त्याचा चांगुलपणा आराखड्यात गृहीत धरणे योग्य नव्हे.

मार्गदर्शक निवडताना

मार्गदर्शकाच्या नावाचा दबदबा पाहून निर्णय घेऊ नये. त्यांच्या हाताखाली पूर्वी झालेले प्रबंध वाचावेत. कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोश या संग्रहात आणि इतर विद्यापीठांचे शोधगंगा या संग्रहात पाहता येतात. तीन प्रबंधांची कार्यपद्धती वाचली की त्या प्रयोगशाळेत कोणती उपकरणे खरोखर चालतात आणि कोणत्या चाचण्या बाहेर पाठवाव्या लागतात हे उमजते. त्यानंतर सध्या तेथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलावे. प्रश्न थेट विचारावेत: मसुदा तपासून परत यायला किती दिवस लागतात, प्रक्षेत्रावर सर किती वेळा येतात, शोधनिबंधावर नावे कोणत्या क्रमाने घातली जातात. वसतिगृहाच्या मेसमध्ये रात्री जेवताना या प्रश्नांची जी उत्तरे मिळतात ती दिवसा विभागात मिळत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात, आणि सेवानिवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ राहिलेल्या मार्गदर्शकाला नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. आपण ज्यांच्याकडे जाऊ इच्छितो त्यांच्याकडे जागा आहे का आणि त्यांची निवृत्ती कधी आहे हे विचारण्यात उद्धटपणा नाही. याच विनियमांप्रमाणे पीएचडीची किमान मुदत तीन वर्षे व कमाल सहा वर्षे आहे, त्यानंतर पुनर्नोंदणीने जास्तीत जास्त दोन वर्षे मिळू शकतात, आणि महिला उमेदवारांना त्याखेरीज सवलत आहे.

पहिल्या भेटीची वेळ मागताना सरांना किंवा मॅडमना पाच-सहा ओळींचे पत्र पाठवावे. आपले शिक्षण, त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यातील कोणत्या मुद्द्यावर पुढे काम करावेसे वाटते आणि आपली पात्रता परीक्षा झाली आहे की नाही, इतके पुरे. "आपल्या मौल्यवान मार्गदर्शनाखाली माझे आयुष्य घडावे" अशा वाक्यांची पत्रे त्यांच्याकडे रोज येतात.

पैशांचा विचार याच टप्प्यावर करावा. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास 1 जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे वरिष्ठ अधिछात्र म्हणून 42,000 रुपये मिळतात. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गांतील पीएचडी विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती आणि अटी वर्षागणिक बदलतात, शिवाय हप्ता वेळेवर येईलच असे नाही; म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय नोकरी सोडून येऊ नये.

नोंदी आणि पावसाळा

कोकणात नोंदींचा खरा शत्रू दमटपणा आहे. झाडाला बांधलेली कागदी चिठ्ठी, प्लास्टिकच्या पिशवीत घातली तरी, ऑगस्टपर्यंत टिकत नाही, आणि ज्याला पुसणार नाही म्हणतात त्या मार्करची शाई जांभ्यावरच्या उन्हात फिकट होते. पातळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्यावी, तिच्यावर बॉलपेन दाबून आकडा कोरावा, म्हणजे शाई गेली तरी उठाव राहतो, आणि ती फांदीला सैल वेढ्याने बांधावी. घट्ट बांधलेली तार वर्षभरात सालीत रुतते. बुंध्यावर ऑइल पेंटचा पट्टा मारून क्रमांक टाकावा तो वेगळाच. एका झाडाच्या चार दिशांना चार-चार मोहोर निवडून त्यांतील नर आणि संयुक्त (नर व मादी दोन्ही भाग असलेली) फुले मोजायची असतील, तर ते काम सकाळी लवकर, भिंगाखाली, दोघांनी मिळून करावे: एकाने मोजावे आणि दुसऱ्याने लिहावे. नोंदवहीत पेन्सिल वापरावी. पेन्सिल पाण्याने पसरत नाही, आणि चुकलेला आकडा खोडायचा नाही, त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहायचा, हा नियम पाळला तर परीक्षकांनी मूळ वही मागितली तरी भीती राहत नाही. रोज संध्याकाळी त्या पानाचा फोटो काढून दोन ठिकाणी ठेवावा.

प्रयोगशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी चढते. भिंगे सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवावीत आणि जेल निळ्याचे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरावे. वादळी पावसात वीज किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून खोल गोठवलेले नमुने एकाच फ्रीजरमध्ये ठेवू नयेत आणि जनरेटरला कोणता फ्रीजर जोडलेला आहे हे प्रयोगशाळेच्या परिचरांना विचारून घ्यावे. हे परिचर, प्रक्षेत्रावरील मुकादम आणि कायम मजूर यांच्याइतकी त्या जागेची माहिती कोणालाही नसते. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात. काका आणि मावशी मात्र तेथे वीस वर्षे असतात, आणि कोणत्या वाफ्यात पाणी तुंबते हे त्यांना मृदा नकाशापेक्षा आधी माहीत असते.

गाव, वसतिगृह आणि माणसे

कृषी विद्यापीठांतील प्रवेश राज्यपातळीवर होत असल्यामुळे दापोलीच्या वसतिगृहात विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथील विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. पहिल्या पावसात त्यांची तारांबळ उडते. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना वास येतो, भाकरीऐवजी रोज भात येतो. यातून मार्ग काढण्याचा उत्तम उपाय म्हणजे एकट्याने कुढत न बसता वरच्या वर्गातील मुलांना विचारणे. रॅगिंगविषयी मात्र कोणतीही सवय करून घेऊ नये. महाराष्ट्रात त्याविरुद्ध 1999 पासून स्वतंत्र कायदा आहे आणि लेखी तक्रार घेणे प्रमुखांवर बंधनकारक आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असते. तिच्या सदस्यांची नावे प्रवेशाच्या दिवशीच पाहून ठेवावीत, कारण गरज पडते तेव्हा शोधायला वेळ नसतो.

मजुरांचे वेळापत्रक गावच्या सणांप्रमाणे चालते आणि ते बदलण्याचा प्रयत्न करू नये. जुलैत भातलावणी असते, तेव्हा प्रत्येक घर स्वतःच्या शेतात असते. गणपतीत चाकरमानी गावी येतात, एसटीला उभे राहायला जागा नसते आणि आठवडाभर प्रक्षेत्रावर कोणी मिळत नाही. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, आणि तीही नेमकी पहिल्या आंब्याच्या काढणीच्या तोंडावर. या तिन्ही काळांत मोठे निरीक्षण ठेवायचे नाही, आणि टाळता येणारे नसेल तर वर्गमित्रांची मदत आधीच मागून ठेवायची. बोलावणे आले तर पालखीच्या दर्शनाला जरूर जावे. बागेतल्या तासाभराच्या मुलाखतीत न निघालेली माहिती तेथे अंगणात बसल्यावर निघते.

सर्वेक्षण करणाऱ्याने प्रश्नावली पुण्याच्या मराठीत लिहून थेट गावात नेऊ नये. सिंधुदुर्गात मालवणी आणि रत्नागिरीच्या बऱ्याच भागात संगमेश्वरी बोलली जाते. दोन-तीन घरांत प्रश्न विचारून पाहावेत, जे कळत नाहीत ते बदलावेत आणि मगच छपाई करावी. उत्पादन विचारताना शेतकरी मणात किंवा खंडीत सांगेल, आणि ही मापे सगळीकडे सारखी नसतात, म्हणून तेथल्या तेथे किलोत रूपांतर करून त्याला वाचून दाखवावे. पदवीच्या विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात पाठवले जाते. त्या काळात जुळलेली ओळख पुढे पदव्युत्तर संशोधनासाठी बाग मिळवून देते, त्यामुळे तो काळ केवळ हजेरीसाठी काढणारा विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेतो. मासेमारी बंदरावर मोजमाप घेणाऱ्याने लिलाव चालू असताना टोपलीत हात घालू नये. आधी तांडेलाशी, म्हणजे नौकेच्या प्रमुखाशी, आणि विकणाऱ्या मावशींशी बोलावे, लिलाव संपल्यावर नमुना विकत घ्यावा, आणि घेतलेल्या माशाचे पैसे तेथल्या तेथे द्यावेत.

राष्ट्रीय सेवा योजना, आंतरविद्यापीठीय आविष्कार संशोधन स्पर्धा आणि इंद्रधनुष्य युवक महोत्सव यांत भाग घ्यावा का, असे विद्यार्थी विचारतात. आविष्कारमध्ये जरूर घ्यावा, कारण अनोळखी परीक्षकासमोर आपले काम थोडक्यात सांगण्याची सवय मौखिक परीक्षेत उपयोगी पडते. बाकीचे आवडीवर सोडावे.

नोकरीचा विचार दुसऱ्या सत्रापासून

अध्यापन आणि शास्त्रज्ञपदाकडे जायचे असेल तर कृषी विषयांसाठी कृषी वैज्ञानिक निवड मंडळाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि कृषी संशोधन सेवेची परीक्षा, आणि इतर विषयांसाठी अनुदान आयोगाची किंवा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची परीक्षा, यांची तयारी एमएस्सी चालू असतानाच करायची असते. कृषी विज्ञान केंद्रांतील विषय विशेषज्ञ, राज्य लोकसेवा आयोगामार्फत कृषी सेवा, बँकांतील कृषी अधिकारी, नाबार्ड, हे नेहमीचे मार्ग आहेत. लोकसेवा आयोगाविषयी एक गोष्ट मोकळेपणाने सांगावी लागते: पदे मोजकी, परीक्षांच्या तारखा बेभरवशाच्या आणि अभ्यासिकेत जाणारी वर्षे परत न येणारी. किती प्रयत्न करायचे हे घरच्यांशी बोलून आधी ठरवावे आणि त्यासोबत प्रबंध अपुरा सोडू नये.

खासगी क्षेत्राकडे येथील विद्यार्थी उगाच दुय्यम म्हणून पाहतात. काजू प्रक्रिया, आमरस व कोकम पदार्थ, कोळंबी संवर्धन, माशांची निर्यात, रोपवाटिका, या सर्वांना तांत्रिक माणूस हवा असतो. आंबा निर्यातीत तर कामाला तोटा नाही. अमेरिकेला 2007 पासून विकिरण प्रक्रिया केलेला भारतीय आंबा जातो, इतर काही देश उष्णबाष्प किंवा उष्णजल प्रक्रिया मागतात, प्रत्येक देशाच्या कीडनाशक अंशाच्या मर्यादा वेगळ्या आहेत, आणि 2018 मध्ये हापूसला पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर बागायतदारांना नोंदणीचे आणि नोंदींचे काम समजावून सांगणारा माणूस लागतो. ज्याने अंश तपासणीच्या प्रयोगशाळेत एक उन्हाळा काढला आहे आणि ज्याला बागायतदाराशी त्याच्या भाषेत बोलता येते, त्याला काम शोधत मुंबईला जावे लागत नाही. स्वतःचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या कृषी पदवीधरासाठी केंद्र शासनाची कृषी चिकित्सालय योजना 2002 पासून आहे. तिच्यात प्रशिक्षण आणि बँक कर्जाला जोडलेले साहाय्य मिळते.

लिहिणे आणि निष्कर्ष परत नेणे

प्रबंधातील कार्यपद्धतीचे प्रकरण प्रयोग चालू असतानाच लिहावे. मे महिन्यात फळे उतरली आणि जूनमध्ये पाऊस लागला की बाहेरचे काम थांबते. विश्लेषण आणि लेखन यांना तोच काळ सर्वांत योग्य, आणि त्यासाठी संदर्भ वाचून झालेले असले पाहिजेत. वाङ्मयचौर्याविषयीच्या 2018 च्या विनियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचे साधर्म्य दंडास पात्र नाही. त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई वाढत जाते आणि साठ टक्क्यांच्या पुढे नोंदणी रद्द होऊ शकते. जुन्या प्रबंधातील हवामानाचे वर्णन जसेच्या तसे उतरवण्याची प्रथा बऱ्याच विभागांत आहे, आणि साधर्म्य बहुधा तेथेच पकडले जाते. ते वर्णन वेधशाळेकडून स्वतःच्या प्रयोगकाळाची आकडेवारी घेऊन नव्याने लिहावे.

प्रबंध मंजूर झाला म्हणजे निष्कर्ष शेतकऱ्याला सांगण्याजोगा झाला असे नाही. राज्यातील चार कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन व विकास समिती दरवर्षी बसते आणि तिच्या मान्यतेनंतरच वाण, अवजारे व तंत्रज्ञान यांची अधिकृत शिफारस होते. म्हणून आपला निकाल शिफारस म्हणून सांगू नये. "आपल्या बागेत या वर्षी असे दिसले" अशा शब्दांत सांगावा. मात्र सांगावा नक्की. बागायतदार, करारदार आणि राखणदार यांच्यासाठी एका पानावर, मोठ्या अक्षरांत, कोणत्या झाडाला काय दिले, किती फळे धरली, कापलेल्या फळांत साका किती निघाला, एवढे लिहून प्रत्यक्ष नेऊन द्यावे, आणि ते जुलैच्या पहिल्या आठवड्याआधी द्यावे, कारण त्यानंतर कल्टार घालायचे की नाही हा निर्णय त्यांनी घेतलेला असतो.